तारेतून आलेलं चित्र

२०१०च्या सप्टेंबरअखेरीस नोकियाचा एन-८ हा फोन बाजारात आला. आज तो कुणाच्या हातात दिसत नाही. पण फोनमधला व्हिडिओ टीव्हीवर कसा न्यावा, या प्रश्नाचं मला आजवर भेटलेलं सर्वांत सरळ उत्तर त्या फोनच्या माथ्यावर होतं. तिथे एक छोटंसं झाकण होतं आणि त्याच्याआड मिनी एचडीएमआयची खाच. सोबतच्या खोक्यातच एक आखूड जोडतार मिळायची. तिचं एक टोक फोनमध्ये बसवायचं, दुसऱ्या टोकाला टीव्हीची नेहमीची एचडीएमआय केबल लावायची. ॲप नको, पासवर्ड नको, वाय-फाय नको. टीव्हीच्या रिमोटवर इनपुट बदललं की फोनचा पडदा समोर हजर.

या फोनच्या मी किती प्रेमात होतो हे आकड्यांवरून कळेल. त्याचा स्वतःचा पडदा साडेतीन इंचांचा, ६४० बाय ३६० पिक्सेलचा. टीव्हीला मात्र तो १२८० बाय ७२० पिक्सेलचं चित्र द्यायचा, म्हणजे बरोबर चौपट. आपल्या अंगावर जे दाखवता येत नाही ते दुसऱ्याच्या अंगावर दाखवण्याची तयारी ठेवून कुणीतरी तो घडवला होता. मुख्य प्रोसेसर ६८० मेगाहर्ट्‌झचा, रॅम २५६ एमबी. आजच्या साध्यातल्या साध्या फोनपुढेही हे काहीच नाही. तरी एचडी चित्र अडखळायचं नाही, कारण चित्राच्या कामाला ब्रॉडकॉमची वेगळी चिप नेमलेली होती. आवाजही दुय्यम मानलेला नव्हता. डॉल्बी डिजिटल प्लसमुळे पाच स्पीकर आणि एक वूफर असलेल्या घरात सिनेमाचा आवाज चहूबाजूंनी यायचा. शिवाय खोक्यात यूएसबीची आणखी एक जोडतार असे. तिला पेनड्राइव्ह लावला की सिनेमा पेनड्राइव्हमधून फोनमध्ये आणि फोनमधून थेट टीव्हीवर. किंमत तेव्हा सव्वीस हजारांच्या आसपास होती, म्हणजे स्वस्त नव्हताच. पण लोकांनी त्याला जुनाट सिंबियन प्रणालीचा फोन म्हणून बाजूला सारलं, हे मला आजही पटत नाही.

त्याच्या कॅमेऱ्याबद्दल न लिहिता पुढे जाणं शक्य नाही. १२ मेगापिक्सेल, कार्ल झाइसचं भिंग, झेनॉन फ्लॅश, आणि ७२० रेषांचा व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने. पंचवीस हा आकडा मला फार आवडायचा, कारण भारतातल्या टीव्ही प्रक्षेपणाचा वेग तोच. इंग्लंडच्या आर्डमन स्टुडिओने याच फोनवर ‘डॉट’ हा ॲनिमेशनपट केला. त्यातली बाहुली अवघी नऊ मिलिमीटर उंचीची. गिनीज बुकात सर्वांत लहान स्टॉप-मोशन पात्र म्हणून तिची नोंद झाली. इतक्या लहान बाहुलीचं चित्रण साध्या फोनच्या भिंगातून होईना, म्हणून फोनला ‘सेलस्कोप’ जोडला गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या प्राध्यापक डॅनियल फ्लेचर यांनी फोनला सूक्ष्मदर्शक जोडण्याची ही कल्पना विकसित केली. दवाखाना जवळ नसलेल्या गावांत रोगनिदान करता यावं, हा तिचा मूळ हेतू. पुढच्याच वर्षी आर्डमनने अगदी उलट टोक गाठलं. वेल्समधल्या पेंडाइनच्या वाळूवर, अकरा हजार चौरस फुटांच्या सेटवर, ‘गल्प’ नावाचा ॲनिमेशनपट केला आणि सर्वांत मोठ्या सेटचा विक्रम नोंदवला. तोही याच फोनवर. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं, दोन्ही एका खिशातल्या यंत्राने टिपलं. हे दोन्ही लघुपट आवर्जून पाहावेत, आणि शक्य असेल तर मोठ्या टीव्हीवर.

माझ्यासाठी मात्र या फोनचं खरं मोल कोकणात ठरलं. आमच्या गुहागरकडच्या वाडीत गणपतीत जाखडी नाचतात. मृदंग, झांजा, मधे शाहीर आणि भोवती फेर धरणारी पोरं. एका रात्री मी अंगणात ट्यूबलाइटच्या उजेडात तो नाच चित्रित केला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन शेजारच्या घरातल्या टीव्हीला लावला. मुंबईच्या चाकरमान्याने त्याच वर्षी आणलेला नवा कोरा एलईडी टीव्ही होता. वाडीत मोबाइलची रेंज मिळवायला टेकाडावर जावं लागायचं, इंटरनेटचं नावच नको. पण तारेला रेंज लागत नाही. ओटीवर माणसं दाटली. नाचणाऱ्यांनी आजवर स्वतःचा नाच असा समोरून पाहिलाच नव्हता. म्हाताऱ्या शाहीरबुवांनी तर चित्र मागे न्यायला लावलं आणि एका मुलाला म्हणाले, “बघ रे, तुझा उजवा पाय मागं पडतोय, मी काल ओरडत होतो ते हेच.” पोरगा गप्प झाला. मग सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. व्हिडिओ मोठ्या पडद्यावर नेण्याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की मला शाहीरबुवांचं ते बोट आठवतं. साडेतीन इंचांच्या पडद्यावर तो पाय दिसलाच नसता.

इतिहासही थोडक्यात सांगतो. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, देशात रंगीत प्रक्षेपण आलं १९८२च्या आशियाई खेळांच्या वेळी. पुढे व्हीसीआर आणि डीव्हीडीसोबत पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या तारा घरोघरी आल्या. नोकियाच्याच एन-९५मधून २००७मध्ये त्या पिवळ्या पिनेने फोनचं चित्र टीव्हीवर जात होतं, पण धूसर. एचडीएमआयचा पहिला आराखडा डिसेंबर २००२चा. घराघरांत तो रुजायला काही वर्षं गेली.

आता जरा चित्राच्या वजनाबद्दल. पूर्ण एचडी चित्र म्हणजे १९२० बाय १०८०, एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल. प्रत्येकाच्या रंगाला २४ बिट, सेकंदाला २५ फ्रेम. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात, आणि तासाभराच्या चित्राला ५६० जीबी जागा लागते. प्रत्यक्षात आपल्या फोनमध्ये तासाभराचा असा व्हिडिओ तीन-चार जीबीत मावतो. म्हणजे दीडशे भागांतला एक भाग ठेवला आणि बाकीचे टाकून दिले, तरी डोळ्याला फारसं काही हरवल्यासारखं वाटत नाही.

या किमयेच्या मुळाशी बंगळुरूत जन्मलेले एक अभियंते आहेत, नासिर अहमद. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना १९७२मध्ये त्यांनी एका गणिती पद्धतीवर संशोधन करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. ते नाकारलं गेलं. कल्पना फारच साधी आहे असं परीक्षकांना वाटलं. अहमद थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४मध्ये ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’चा शोधनिबंध प्रसिद्ध केला. तिघेही भारतीय वंशाचे. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोन मोठ्या आणि बारीक लहरींच्या बेरजेत मांडायचा, आणि डोळ्याला जाणवत नाहीत त्या अतिबारीक लहरी ढोबळ करायच्या किंवा सोडून द्यायच्या. जेपेग छायाचित्र, डीव्हीडी, डिश टीव्ही आणि २००३मध्ये आलेली एच.२६४ ही पद्धत, सगळ्यांच्या पोटात हीच कल्पना किंवा तिचं सुटसुटीत रूप आहे. आपल्या शाळांच्या पुस्तकांत नासिर अहमद यांचं नाव असायला हवं, असं मी संधी मिळेल तिथे सांगत असतो.

दुसरी काटकसर हालचालीत. जाखडीच्या त्या चित्रात मागची भिंत हलत नाही, म्हणून ती प्रत्येक फ्रेमला पुन्हा साठवायची गरज नाही. नाचणारा मुलगा उजवीकडे सरकला तर “मघाचाच चौकोन, एवढा उजवीकडे” इतकी नोंद पुरते. म्हणूनच विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल उधळला की व्हिडिओ फुटतो, चौकोन चौकोन दिसायला लागतात. गुलालाचा प्रत्येक कण वेगळ्या दिशेने जातो, कशाचीच आधीच्या फ्रेमशी सांगड बसत नाही. दरवर्षी लोक मला विचारतात की फोन बिघडलाय का. फोन ठणठणीत असतो. गुलालाइतकी अवघड परीक्षा त्याची दुसरी कुठलीही घेता येत नाही.

हे दाबून बसवलेलं चित्र टीव्हीपर्यंत कसं जातं, यावर सगळं अवलंबून आहे. तारेचा मार्ग घेतला तर फोन ते आधी पूर्ण उलगडतो आणि ते कोट्यवधी बिट जसेच्या तसे तारेत सोडतो. एचडीएमआयच्या १९ पिना त्यासाठीच. पण फोन पातळ होत गेले आणि खाचेला जागा उरली नाही. तेव्हा २०१०मध्ये नोकिया, सॅमसंग, सोनी, तोशिबा आणि सिलिकॉन इमेज या कंपन्यांनी मिळून एमएचएल नावाचा आराखडा काढला. अभियांत्रिकीतल्या माझ्या लाडक्या गोष्टींत याचा नंबर फार वर आहे.

तेव्हाच्या फोनला चार्जिंगसाठी मायक्रो यूएसबीची खाच असायचीच. तिला पाच पिना. एमएचएलने त्या पाचांतून एचडी चित्र, आवाज, टीव्हीशी संवाद आणि वीज, सगळं नेलं. एचडीएमआयमध्ये रंगांच्या माहितीसाठी तारांच्या तीन जोड्या आणि त्यांची वेळ जुळवणारा ठोका देण्यासाठी चौथी. एमएचएलमध्ये एकच जोडी. तीन जोड्यांची माहिती तिच्यात पाळीपाळीने जाते. आणि ठोका? तोही त्याच जोडीतून. दोन तारांमधला फरक म्हणजे चित्र, आणि दोन्ही तारांची पातळी एकत्र वर-खाली होते तो ठोका. एकाच जोडीत दोन गोष्टी, एकमेकींना धक्का न लावता. तिसऱ्या पिनेतून टीव्ही आपली ओळख सांगतो, की मी अमुक इतक्या रेषांचं चित्र दाखवू शकतो. आणि टीव्हीच्या रिमोटचे हुकूमही तिथूनच फोनकडे येतात. उरलेल्या दोन पिना विजेच्या, म्हणजे टीव्हीला थेट एमएचएल कळत असेल तर सिनेमा बघता बघता फोन चार्जही होतो.

२०११च्या गॅलेक्सी एस-२मध्ये हे आलं आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत त्याचे जोड टांगलेले दिसू लागले. मी त्या काळात बुधवार पेठेत सारखा जात असे. एका दुकानदाराने काउंटरखाली छोटा टीव्ही ठेवला होता, त्यावर प्रत्येक जोड लावून दाखवल्याशिवाय तो विकायचा नाही. असा माणूस मिळणं हे भाग्यच. पुढच्याच वर्षी गॅलेक्सी एस-३ आला. त्याची खाच बाहेरून तशीच, आत पिना मात्र अकरा. जुने जोड चालेनात. त्या दुकानात रोज कुणी ना कुणी हातात निकामी जोड घेऊन उभा असायचा आणि दुकानदार शांतपणे अकरा पिनांचं छोटं टोपण काढून द्यायचा. गूगल-एलजीच्या नेक्सस-४ने तर स्लिमपोर्ट हा तिसराच मार्ग धरला. खाच एकसारखी आणि आतला कारभार वेगवेगळा, हा ग्राहकावर अन्याय होता. त्यानेच एमएचएलचा बळी घेतला, असं माझं ठाम मत आहे. २०१५च्या गॅलेक्सी एस-६मधून ते गेलं.

ॲपलची गोष्ट आणखी विलक्षण. आयफोन-५बरोबर लाइटनिंग खाच आली, तिला टीव्ही जोडायचा वेगळा जोड मिळायचा. त्यातून येणारं चित्र किंचित मळकट का दिसतं, याचा शोध घ्यायला ‘पॅनिक’ या सॉफ्टवेअर कंपनीतल्या मंडळींनी मार्च २०१३मध्ये तो जोड चक्क करवतीने कापला. आत सापडला एक अख्खा संगणक! एआरएम प्रोसेसरची चिप आणि २५६ एमबी रॅम. एन-८ या संपूर्ण फोनला जेवढी रॅम होती, तेवढी इथे तारेच्या टोकात. आयफोन चित्र पुन्हा दाबून पाठवायचा आणि तो जोड ते उलगडून टीव्हीला द्यायचा. तार असूनही चित्राचा बोजा पुन्हा कमी केलेला, म्हणून मळकटपणा. ही बातमी वाचली तेव्हा मी कितीतरी वेळ त्या कापलेल्या जोडाचे फोटो पाहत होतो.

बिनतारी मार्गांत दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. पहिला मिररिंगचा. फोनवर जे दिसतं ते सगळं टीव्हीवर. सप्टेंबर २०१२मध्ये वाय-फाय अलायन्सने प्रमाणित करायला घेतलेलं मिराकास्ट हे त्याचं ठळक उदाहरण. इथे फोन आधी व्हिडिओ उलगडतो, पडद्यावर मांडतो, तो पडदा पुन्हा दाबतो आणि हवेतून पाठवतो. दुहेरी कष्ट. बॅटरी उतरते, फोन तापतो, टीव्हीवर चित्र क्षणभर मागे राहतं. शिवाय फोनवर आलेला निरोप, बँकेचा ओटीपी, सगळं पाहुण्यांसमोर टीव्हीवर झळकतं.

दुसरा प्रकार कास्टचा. गूगलचं क्रोमकास्ट जुलै २०१३मध्ये अमेरिकेत ३५ डॉलरला आलं, आपल्याकडे डिसेंबर २०१४मध्ये २,९९९ रुपयांना. यात यूट्यूबचं चित्र फोनमधून जातच नाही. फोन फक्त पत्ता सांगतो, “हा व्हिडिओ लाव.” टीव्हीमागची कांडी स्वतः इंटरनेटवरून तो आणते. मग तुम्ही फोन बंद केला तरी चित्र चालू राहतं. ॲपलचं एअरप्ले २०१०पासून आहे, ते प्रसंगानुसार दोन्ही वाटांनी जातं. स्वतः काढलेला व्हिडिओ कास्ट करायचा असेल तर व्हीएलसीसारखं ॲप लागतं. २०१८मधल्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यात क्रोमकास्टची सोय आहे. व्हिडिओ टीव्हीला न कळणाऱ्या पद्धतीने दाबलेला असेल तर फोन ती वाटेतच बदलून देतो, आणि तापतो.

कास्ट चांगलंच आहे, मीही रोज वापरतो. राउटर पाच गिगाहर्ट्‌झवर ठेवा आणि लोखंडी कपाटामागे दडवू नका, म्हणजे अडखळणार नाही. पण त्यावर मी विसंबून राहत नाही, आणि त्याला कारण आहे. ९ मार्च २०२५ला जगभरातल्या दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्ट कांड्या एकाएकी फोनला जुमानेनाशा झाल्या. आत काही बिघडलं नव्हतं. कांडी अस्सल आहे हे पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची दहा वर्षांची मुदत संपली होती. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. त्याआधीच, ऑगस्ट २०२४मध्ये, क्रोमकास्टचं उत्पादन थांबवत असल्याचं कंपनीने जाहीर केलं होतं. तारेला असला दाखला लागत नाही. माझ्याकडची एन-८ची जोडतार आजही चित्र देते.

सिनेमाच्या ॲपवाल्यांचं कुलूप हा आणखी एक विषय. अँड्रॉइड फोनमध्ये वाइडवाइन नावाची सुरक्षाव्यवस्था असते, तिची सर्वांत वरची पायरी एल-१. ती नसेल तर फोन कितीही ताकदवान असो, नेटफ्लिक्ससारखं ॲप त्यावर एचडी चित्र देत नाही. २०१८चा पोको एफ-१ हा त्या वर्षीच्या वेगवान प्रोसेसरचा फोन असाच अडला होता. दुरुस्ती पुढच्या वर्षी आली.

घरच्या व्हिडिओंना कुलूप नाही, पण त्यांची वेगळीच हानी होते. लग्नाचा, बारशाचा व्हिडिओ परदेशातल्या मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवला की तो वाटेत पुन्हा दाबला जातो. फोनवर बरा दिसतो, ४३ इंचांच्या टीव्हीवर आजीला नातवाचे डोळे दिसत नाहीत. उपाय सोपा आहे. व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मूळ फाइल जशीच्या तशी येते, दोन जीबीपर्यंत.

तारेचे दिवस मात्र परत आले आहेत. टाइप-सी खाचेतून ‘डिस्प्लेपोर्ट’ या पद्धतीने चित्र नेण्याची सोय २०१४पासून आराखड्यात आहे. सॅमसंगच्या एस मालिकेत ती २०१७च्या एस-८पासून, आयफोनमध्ये २०२३च्या आयफोन-१५पासून आहे, आणि पिक्सेल-८ला जून २०२४च्या अपडेटने मिळाली. पण खाच टाइप-सी आहे म्हणजे चित्र बाहेर येईलच, असं मुळीच नाही. बहुतेक स्वस्त फोनांमध्ये ती फक्त चार्जिंगची आणि जुन्या यूएसबी-२ची असते. पुन्हा तोच अन्याय, एमएचएलच्या काळातला.

म्हणून या दिवाळीत नवा फोन घेणार असाल तर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचाराच, पण त्याआधी एक प्रश्न विचारा, “टाइप-सीमधून टीव्हीवर चित्र जातं का?” उत्तर माहीत नसेल तर माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द शोधायला सांगा. आणि टाइप-सीची एचडीएमआय तार सोबत न्या, दुकानातल्याच टीव्हीला लावून बघा, आणि चित्र दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.